काळ्या पडद्याची शेवटची ओळ

टर्मिनलवर जागा मोजून मिळायची. आडवी ८० अक्षरं, उभ्या २४ ओळी. हे माप रूढ केलं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९७८ सालच्या व्हीटी-१०० या टर्मिनलनं. ती यंत्रं अडगळीत जाऊन जमाना लोटला, तरी २००५ च्या आसपास ऑफिसातल्या विंडोज मशीनवर पुटी हा टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडला की तीच ८० बाय २४ ची काळी चौकट समोर यायची. त्यातली तळाची एक ओळ स्टेटस बारला दिली की कामाला उरायच्या २३. त्यामुळे त्या एका ओळीत काय लिहायचं आणि काय नाही, यावर आम्ही सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मंडळी चहाच्या टपरीवर तावातावानं बोलायचो. सर्व्हरचं नाव हवंच. उघड्या विंडोंची यादी हवीच. सर्व्हरवरचा लोडही हवा. घड्याळ कशाला, ते विंडोजच्या कोपऱ्यात आहेच की. आणि तारीख? यावर मात्र दोन तट पडायचे.

ज्यांचा या जगाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दूरच्या सर्व्हरवर काम करताना हाती येतो तो एक काळा पडदा. त्यात कमांड टाइप करायच्या आणि उत्तरं वाचायची. टर्मिनल मल्टिप्लेक्सर नावाचा प्रोग्रॅम त्या एका पडद्यात अनेक पडदे उघडून देतो. त्याहून मोलाचं म्हणजे, आपली लाइन तुटली तरी सर्व्हरवर ते पडदे आणि त्यांत चाललेली कामं तो जिवंत ठेवतो. पुन्हा लॉगिन करा, एक कमांड द्या, सगळं जिथल्या तिथे. या जातीतला जुनाजाणता प्रोग्रॅम म्हणजे स्क्रीन. बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी तो लिहिला आणि १९८७ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. पुढे तो जीएनयू प्रकल्पाचा भाग झाला.

माझा स्क्रीनवर जीव जडला तो भारनियमनामुळे. शनिवार-रविवारी पुण्याहून साताऱ्याला घरी जायचे आणि ऑफिसचं काम सोबत असायचंच. लाइट कधी जाणार याचं वेळापत्रक स्थानिक पेपरात छापून यायचं, पण ते पाळलं जाईलच असं नव्हे. डेटाबेसचा मोठा बॅकअप चाललेला असताना पंखा हळूहळू थांबायचा, यूपीएस केकाटायला लागायचा आणि तोही थकला की मॉडेमचे दिवे विझायचे. लाइट आल्यावर परत लॉगिन करायचं, ‘स्क्रीन -आर’ म्हणायचं, की बॅकअप माझ्याशिवाय कितीतरी पुढे सरकलेला दिसायचा. स्क्रीन नसतं तर लाइनीबरोबर तोही गेला असता आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. त्या दिवसांत गावाकडून सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाची ही कहाणी होती.

या प्रोग्रॅमला आपल्या सवयी शिकवायच्या त्या होम डिरेक्टरीतल्या एका छोट्या फायलीतून. टिंबानं सुरू होणारं नाव, पुढे स्क्रीनआरसी. नवीन खात्यावर ती नसायचीच, आणि ती नसली की स्क्रीन अगदी मुकं. तळाला पट्टी नाही, आपण कुठल्या विंडोत आहोत याचा पत्ता नाही, मागे सरकवून वाचायला जेमतेम १०० ओळी. मग एकेक ओळ लिहीत जायचं. सुरुवातीचा स्वागताचा मजकूर बंद. मागच्या ओळी १०० ऐवजी ५०००. बेल कानाशी वाजण्याऐवजी पडद्यावर दिसावी. या शेवटच्या सोयीत बर्लिनकरांनी गंमत ठेवली होती. बेल आली की पडद्यावर ‘वुफ, वुफ!!’ असं भुंकणं उमटायचं. ते बदलायची सोय होती, पण मी ते कधीच बदललं नाही. रात्रीच्या कामात तेवढीच सोबत.

खरा कस लागायचा तो हार्डस्टेटसच्या ओळीत. स्टेटस बारवर काय आणि कसं दिसावं हे सांगणारी ती एकच लांबलचक ओळ, आणि तिच्यात टक्क्याची चिन्हं व महिरपी कंस यांची नुसती दाटी. टक्का आणि मोठा एच म्हणजे सर्व्हरचं नाव. टक्का आणि छोटा एल म्हणजे लोड. टक्का, वजा, डब्ल्यू म्हणजे चालू विंडोच्या आधीच्या सगळ्या विंडो. वजाच्या जागी अधिक घातलं की नंतरच्या. या दोन तुकड्यांच्या मधे चालू विंडोचं नाव, ते आपण हवं तसं सजवायचं. रंग एकेका अक्षरानं सांगायचे. आर लाल, जी हिरवा, वाय पिवळा. काळ्याला मात्र के, कारण बी निळ्यानं आधीच अडवून ठेवलेला. लहान अक्षर म्हणजे साधा रंग, मोठं अक्षर म्हणजे तोच उजळ. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, फाइलच खराब झालीय. पण पंधरा मिनिटं शांतपणे समोर घेऊन बसलं की ओळ आपोआप सुटी होत जायची, आणि मग तिच्यात एखादं अक्षर बदलून पट्टीवर काय झालं ते पाहण्यात संध्याकाळ कशी गेली ते कळायचं नाही.

ही ओळ कोऱ्या फायलीत लिहायला कुणी बसत नसे. ती कुणाकडून तरी यायची. माझ्याकडे ती टीममधल्या एका वरिष्ठांकडून आली. स्वतःची फाइल माझ्या खात्यात कॉपी करून देताना ते म्हणाले, “अगं, घे, पण जशीच्या तशी वापरू नकोस. कुठली ओळ कशासाठी आहे ते उद्या मला सांगायचंस.” त्यांच्या फायलीत प्रत्येक तुकड्यावर कॉमेंट असायची, आणि तिच्यात ती ओळ का आली ते लिहिलेलं असायचं. रात्रपाळीला उजळ पिवळा डोळ्यांना खुपतो म्हणून साधा केला. अमक्या मशीनवर मागचं सरकवून वाचता येत नव्हतं म्हणून टर्मकॅपइन्फोची ओळ घातली. ती टर्मकॅपइन्फोची ओळ त्या काळी या फायलीतून त्या फायलीत जात सगळीकडे पसरलेली होती. टीआय आणि टीई या अक्षरांपुढे अ‍ॅटचं चिन्ह, बाकी काही नाही. तिची युक्ती त्यांनी मला कागदावर काढून दाखवली. काही प्रोग्रॅम टर्मिनलला एका वेगळ्या, पर्यायी पडद्यावर नेतात. त्या पडद्यावर मागच्या ओळी साठत नाहीत. ही ओळ टर्मिनलला तिकडे जाऊच देत नाही. तो कागद पाहिल्यावर मला टर्मिनल म्हणजे नुसती काळी चौकट वाटेनाशी झाली. आत काहीतरी चालतं, आणि ते समजून घेता येतं, हे मला त्या ओळीनं शिकवलं.

फाइल पाहून माणूस ओळखू यायचा. कुणाच्या पट्टीवर विंडोंना नावं असायची, कुणाच्या नुसते आकडे. कुणी पट्टी वर घेतलेली, कारण तळाशी टाइप करताना ती नजरेत येते. एका सहकाऱ्यानं पट्टीच ठेवली नव्हती. त्याला २४ च्या २४ ओळी हव्या होत्या आणि विंडोंचे क्रमांक तो डोक्यात ठेवायचा. नोकरी सोडून जाणारा जाताना आपली फाइल कुणाला तरी देऊन जायचा. माझ्या फायलीत अशा दोघा-तिघांच्या ओळी अजून आहेत, त्यांच्याच शब्दांतल्या कॉमेंटसकट.

आता रंगांविषयी, कारण मला मनापासून जे सांगायचं आहे ते इथेच आहे. मूळ रंग आठ, उजळ जोडीदार धरून सोळा. त्यांतला निळा जवळपास बाद, कारण पुटीचा मूळचा निळा काळ्यावर वाचताना डोळे बारीक करावे लागत. उरलेल्या रंगांची आम्ही वाटणी केली होती. ग्राहकांचं खरं काम ज्या सर्व्हरवर चालतं, त्याची पट्टी लाल. चाचणीच्या सर्व्हरची हिरवी. आपल्या स्वतःच्या मशीनची काळ्यावर पांढरी. एसटी स्टँडवर गाडी वळण घेऊन आत येतानाच रंगावरून कळतं की साधी लाल आहे की हिरवी निमआराम, पाटी नंतर वाचली तरी चालते, तसंच हे. रात्री अडीच वाजता मशीन रीस्टार्ट करायची कमांड टाइप झालेली आहे, बोट एंटरवर आहे, अशा वेळी डोळे उघडे असले तरी सर्व्हरचं नाव वाचलं जाईलच याची खात्री नसते. तळाशी लाल पट्टी असेल तर बोट थबकतं. त्या काळी रंग मोजके होते म्हणून प्रत्येक रंगाला काम दिलेलं होतं, आणि कोणता रंग काय सांगतो ते सगळ्या टीमला माहीत होतं.

मग स्क्रीनच्याच जातीतलं टीमक्स आलं. निकोलस मॅरियट यांनी ते २००७ मध्ये लिहिलं, आणि २००९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ४.६ या आवृत्तीत ते मूळ सिस्टीमचाच भाग झालं. माझ्या ऑफिसात ते पोहोचायला आणखी काही वर्षं गेली. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा तळाशी हिरवीगार पट्टी आपसूक उभी. काही न लिहिता! डावीकडे सेशनचं नाव, मधे विंडो, उजवीकडे वेळ आणि तारीख. तारखेवरून भांडणारे आम्ही, आणि इथे ती आधीच मांडून ठेवलेली. शिवाय पडदा उभा चिरता येत होता. स्क्रीनमध्ये तो आडवा चिरता यायचा. उभा चिरायचा तर दुसऱ्या कुणीतरी केलेली दुरुस्ती घालून स्क्रीन स्वतः कंपाइल करावं लागे, किंवा ती घातलेलं पॅकेज शोधावं लागे. डावीकडे लॉग वाहतोय आणि उजवीकडे कॉन्फिगरेशन उघडलंय, हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

टीमक्सची कॉन्फिग फाइल वाचता येत होती, हा दुसरा मोठा फरक. टक्क्यांच्या चिन्हांऐवजी शब्द: स्टेटस, विंडो, बॉर्डर, त्यांच्यापुढे रंगाचं नाव. नवख्या माणसालाही अंदाज यावा. मात्र प्रीफिक्स बदललेला. स्क्रीनमध्ये प्रत्येक हुकुमाआधी कंट्रोल आणि ए दाबायचं, इथे कंट्रोल आणि बी. टीमक्सचा पहिला नमुना स्क्रीनच्या पोटातच तयार झाला, तेव्हा ए आधीच गुंतलेला होता म्हणून बी घेतला, असं त्याचं कारण. पण आमच्या बोटांना ए चीच सवय. स्क्रीनवरून आलेल्या बहुतेकांच्या टीमक्स फायलीची पहिली ओळ ठरलेली असायची: बी काढा, ए लावा. दुसरी ओळ विंडोंचे आकडे शून्याऐवजी एकापासून सुरू करणारी, कारण कीबोर्डवर शून्य उजव्या टोकाला असतो. तिसरी एस्केपची. एस्केप दाबल्यावर टीमक्स अर्धा सेकंद थांबून पाहायचं की पुढे आणखी काही येतंय का, आणि विम एडिटरमध्ये काम करणाऱ्याला तो अर्धा सेकंद जीव खाणारा वाटायचा. म्हणून तो शून्यावर आणायचा. ही ओळ आम्ही एकमेकांना वर्षानुवर्षं देत राहिलो. २०२४ मध्ये टीमक्सच्या ३.५ आवृत्तीत ती मुदत मुळातच १० मिलिसेकंदांवर आली आणि ओळीची गरज संपली. मी ती फाइलमधून काढली नाही, पुढे कॉमेंट टाकून ठेवली.

फायली जुन्या होतात याचाही अनुभव टीमक्सनंच दिला. माउससाठी चार वेगवेगळ्या ओळी असायच्या. २०१५ च्या २.१ आवृत्तीत त्या चारांची एकच झाली. रंगांसाठी पार्श्वभूमी वेगळी, अक्षरं वेगळी, ठळकपणा वेगळा अशा सुट्या ओळी होत्या. १.९ मध्ये त्यांच्या जागी एकत्रित ‘स्टाईल’ आली आणि २०१९ मध्ये २.९ नं बहुतेक जुन्या ओळी काढूनच टाकल्या. सर्व्हर अपग्रेड झाला की सकाळी टीमक्स उघडताच चुकांची यादी समोर. मला या कटकटीचा राग येत नसे. वर्षा-दोन वर्षांनी फाइल वरपासून खालपर्यंत वाचावी लागायची, आणि त्यात दर वेळी चार निरुपयोगी ओळी निघून जायच्या. स्क्रीनचं जगणं मात्र आक्रसत गेलं. रेड हॅटनं २०१९ च्या एंटरप्राइझ लिनक्स ८ मधून ते वगळलं आणि टीमक्स वापरा असं सुचवलं. मोठ्या ऑफिसांतल्या बऱ्याच जणांनी स्क्रीनआरसीला रामराम ठोकला तो तेव्हा.

नटण्यामुरडण्याचा काळ मधल्या मधे सुरू झाला होता. उबुंटू सर्व्हरसाठी डस्टिन कर्कलंड यांनी २००९ मध्ये बायोबू आणलं. जपानी घडीच्या पडद्याचं हे नाव. आधी ते स्क्रीनवर चढवलेला साज होतं, पुढे टीमक्सवर गेलं. एफ-२ नं नवी विंडो, एफ-६ नं बाहेर, आणि तळाशी रंगीत चौकोनांत लोड, मेमरी, बाकी राहिलेले अपडेट. काहीही न लिहिता भरगच्च पट्टी मिळते, हे आम्ही पहिल्यांदा तिथे पाहिलं. २०११ मध्ये ईथन शूनोव्हर यांचं सोलराइझ्ड आलं. सोळाच रंग, पण ते एकमेकांशेजारी ठेवून, उजेडाचं माप जुळवून निवडलेले, आणि उजळ पार्श्वभूमीवरही तेच चालतील असे. रंगसंगती म्हणून कुणीतरी इतक्या मेहनतीनं घडवलेली पहिली चीज मी पाहिली ती ही. पाठोपाठ विमसाठी किम सिल्केबेकेन यांनी केलेल्या पॉवरलाइनची त्रिकोणी टोकं टीमक्सच्या पट्टीवर आली. तो त्रिकोण म्हणजे फॉन्टमधलं एक अक्षर. युनिकोडनं खासगी वापरासाठी मोकळ्या सोडलेल्या जागी ते बसवलेलं. फॉन्ट बदलून घेतला नाही तर त्रिकोणाच्या जागी रिकामी चौकट. आमच्या ऑफिसात तो फॉन्ट चालवायचा तर परवानगीचा अर्ज करावा लागे, म्हणून कित्येक महिने आमच्या पट्ट्यांवर साध्या उभ्या रेघाच राहिल्या. पुढे नर्ड फॉन्ट्सनं असे त्रिकोण आणि चित्रं घातलेले फॉन्ट तयारच करून ठेवले.

२५६ रंग आधीच आले होते: सोळा जुने, २१६ मिश्र, २४ करड्या छटा. २०१६ मध्ये टीमक्सच्या २.२ नं पूर्ण २४ बिटांचे रंग घेतले, म्हणजे जवळपास १ कोटी ६७ लाख छटा. स्क्रीननंही हे केलं, पण २०२४ मध्ये, पाचव्या आवृत्तीत.

आता आजचं. टीममध्ये नव्यानं आलेल्या एका मुलानं पहिल्याच आठवड्यात लॅपटॉपवर टीमक्स लावलं. टीपीएम नावाचा प्लगइन सांभाळणारा प्रोग्रॅम घेतला, हा २०१४ पासून आहे. फायलीत थीमचं नाव लिहिलं, प्रीफिक्स दाबून मोठा आय दाबला. अर्ध्या मिनिटात पडदा बदलला. थीम कॅटपुचिन. तिचे चार प्रकार, नावं सगळी कॉफीची: लाते, फ्रापे, माकियातो, मोका. त्यानं मोका घेतला होता. गडद जांभळट पार्श्वभूमी, त्यावर गुलाबी, पीच, फिकट हिरवा. विंडोंच्या नावांना गोल कडा, फोल्डरचं छोटं चित्र, बॅटरीचं चित्र. एडिटरही त्याच रंगांत, ब्राउझरही. खरोखर सुंदर दिसत होतं. दिवसाचे आठ-दहा तास जिच्याकडे पाहायचं ती चौकट देखणी असावी, यात गैर काय? डोळ्यांना होणारा त्रासही कमी. आमच्या उजळ हिरव्या अक्षरांनी काळ्यावर जे तास काढले त्याची आठवण मला गोड वाटत असली तरी ते तास पुन्हा नकोत. आणखी एक गोष्ट त्यानं दाखवली तेव्हा मला साताऱ्याचे लाइट आठवले. टीमक्स-रेझरेक्ट नावाचं प्लगइन विंडोंची मांडणी डिस्कवर लिहून ठेवतं. सर्व्हरच बंद पडून परत उठला तरी सगळे कप्पे होते तसे मांडून मिळतात. स्क्रीनच्या काळात सर्व्हर गेला की सगळं गेलं. हे सुख फार मोठं आहे.

मग त्यानं तीन सर्व्हर उघडले. तिन्हींवर त्यानं आपली फाइल आधीच पोहोचवलेली. तीन पडदे, तिन्ही मोका, तिन्ही गुलाबी-पीच, हुबेहूब. काम करताना तो दर दोन मिनिटांनी होस्टनेम टाइप करून आपण कुठे आहोत याची खात्री करत होता. पट्टीवर बॅटरी होती, हवामान होतं. सर्व्हरचं नाव नव्हतं.

मी विचारलं, “अरे, यातला ग्राहकांचा कुठला?”

“मॅडम, मधला. बहुतेक.” आणि त्यानं पुन्हा होस्टनेम टाइप केलं.

मला हे त्याचं उणं वाटत नाही. थीम घडवणाऱ्यानं त्याच्यासाठी रंग निवडले, आणि घडवणाऱ्याला त्याचे सर्व्हर माहीत असणं शक्यच नाही. लॅपटॉपची बॅटरी सगळ्यांना असते म्हणून ती पट्टीवर आली. अमुक सर्व्हर जपून हाताळायचा ही गोष्ट फक्त त्याच्या टीमला ठाऊक, म्हणून ती कुठल्याच थीमवर येणार नाही. ती आपणच लिहायची. पूर्वी सगळंच आपण लिहायचो, त्यात हेही आपोआप लिहिलं जायचं. आता बाकी सगळं तयार मिळतं, आणि नेमकं हेच राहून जातं. म्हणून आम्ही दोघं बसलो. थीम तशीच ठेवली. तिच्याखाली, प्लगइन चालवणाऱ्या ओळीनंतर, एक अट लिहिली: सर्व्हरचं नाव अमक्या अक्षरांनी सुरू होत असेल तर पट्टीची पार्श्वभूमी लाल. प्लगइनच्या आधी लिहिली असती तर थीमनं ती पुसली असती, हे त्यानंच करून पाहिलं. लाल कुठला, यावर थोडी वादावादी झाली. कॅटपुचिनचा स्वतःचा लाल आहे, पण तो इतका मवाळ की त्यात गुलाबीच जास्त. त्याला तोच हवा होता, संगती बिघडू नये म्हणून. मी म्हटलं, इथे संगती बिघडलीच पाहिजे. शेवटी त्यानं भडक लाल घातला आणि पांढरी ठळक अक्षरं. चाचणीच्या सर्व्हरला कॅटपुचिनचा हिरवा. बॅटरी काढून त्या जागी लोड.

तयार वस्तू घेतल्यानं शिकणं थांबतं असं मी म्हणणार नाही. त्या दुपारी त्यानं टीमक्सचे कंसातले सशर्त फॉरमॅट माझ्यापेक्षा भरभर आत्मसात केले. प्रीफिक्स दाबला की पट्टीच्या टोकाला खूण उमटावी, ही युक्ती त्यानं मला दिली आणि ती आता माझ्या फायलीत आहे. २०२१ पासूनचं झेलिज नावाचं मल्टिप्लेक्सर तर तळाशी कळांची यादीच मांडून ठेवतं, काही पाठ करायला नको. नव्या माणसासाठी हे चांगलंच आहे. पण फाइल एकदा तरी वरपासून खालपर्यंत वाचावी, हा माझा आग्रह कायम आहे, आणि वाचायची तर ती वाचण्याजोगी छोटी हवी. त्याच्या फायलीत थीमचे पर्याय धरून दोनशेच्या वर ओळी होत्या. बसून गाळल्यावर चाळीसेक उरल्या.

नव्या काळानं मला दिलेली एक गोष्ट मात्र त्या टपरीवर कुणाच्या स्वप्नातही नव्हती: पट्टीवर मराठी. टीमक्सला वेळेची भाषा सिस्टीमकडून कळते. टीमक्स सुरू करण्यापूर्वी वेळेचं लोकेल मराठी-भारत असं ठेवलं आणि पट्टीत वाराचं चिन्ह घातलं, की उजव्या कोपऱ्यात ‘सोमवार’ येतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी शेजारच्या टेबलांवरच्या सगळ्यांना बोलावून दाखवला. बुधवारही नीट आला. शुक्रवारी मात्र क आणि र एकमेकांना सोडून उभे. शनिवारी पहिली वेलांटी न च्या मागे जायच्या ऐवजी पुढे जाऊन बसली, आणि रविवारी र चीही तीच गत. कारण समजायला सोपं आहे. टर्मिनल पडद्याचे सारखे चौकोन पाडतं आणि एकेक चिन्ह एकेका चौकोनात ठेवतं. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारात नंतर, लिहिताना आधी. जोडाक्षर एकाहून अधिक चिन्हांचं, पण दिसायला एक. शब्दाला किती चौकोन लागतात यावर टीमक्स, टर्मिनल आणि फॉन्ट या तिघांचं एकमत झालं नाही की पट्टीची उजवी कडही एक-दोन घरं सरकते. एमएलटर्मसारखं बहुलिपींसाठीच लिहिलेलं टर्मिनल भारतीय लिप्या सांभाळतं, पण ते मध्ये टीमक्स असताना, माझ्या फॉन्टसह, किती सांभाळतं ते वेगळं तपासावं लागतं. ही दुरुस्ती नेमकी कुणाकडे मागायची ते त्यावरून ठरेल. म्हणून सध्या मी मिळतील ती टर्मिनलं एकेक करून लावते आहे, प्रत्येकात टीमक्स उघडते आहे आणि त्यात एकच शब्द छापून पाहते आहे: शनिवार.